एसी क्लासरूम, काचेची बिल्डिंग आणि पोरांचं शिक्षण: कॉलेजचा पैसा नेमका कुठे कामी येतो?

नागपुरात नवतपा उतरला की कॅप राऊंडचा ताप चढतो. कोणाच्या पोराला सीईटीत किती पर्सेंटाइल, कोणी कोणतं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, आणि मग रविवारी अख्खं घर गाडीत बसून हिंगणा रोड, नाहीतर वर्धा रोड, नाहीतर काटोल रोडवर कॉलेज पाहायला निघतं. पाहायला म्हणजे बिल्डिंग पाहायला. घरी आल्यावर काकू शेजारी सांगतात, "लय मस्त कॉलेज आहे बाप्पा, लिफ्ट आहे, एसी आहे, कँटीन तं मॉलसारखी आहे." शिकवतं कोण हे विचारायचं राहूनच जातं, आणि विचारणार तरी कोणाला, रविवारी तिथे भेटतो तो सिक्युरिटीवाला नाहीतर ॲडमिशन काउंटरवरची मॅडम.

तर प्रश्न असा की कॉलेज श्रीमंत असलं, कॅम्पस चकाचक असला, तर शिक्षण खरंच चांगलं मिळतं का? यावर दोन रेडिमेड उत्तरं फिरत असतात. एक म्हणजे "पैसे फेको, क्वालिटी मिळते" आणि दुसरं आपल्या आजोबांच्या पिढीचं, "आम्ही कंदिलाखाली शिकलो, आमचं काय बिघडलं". मला दोन्ही अर्धवट वाटतात. पैशाने फरक पडतो, चांगलाच पडतो, पण तो पैसा पोरापर्यंत पोचला तर, म्हणजे मास्तरच्या पगारात, लॅबच्या मशीनमध्ये, पुस्तकात, बसच्या पासमध्ये आला तर. गेटच्या कमानीत गेला तर तो कमानीतच राहतो.

आधी एक घोळ सोडवून घेऊ, तो सुटला नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही. व्हीएनआयटी घ्या. नागपूरचं १९६० चं इंजिनिअरिंग कॉलेज, तेव्हाचं व्हीआरसीई, २००२ मध्ये एनआयटी झालं, शहराच्या मध्यात दोनशेच्या वर एकर जागा. तिथली पोरं मोठमोठ्या कंपन्यांत जातात. आता हे व्हीएनआयटीमुळे झालं, की जेईई फोडून आलेलं पोट्टं कुठेही गेलं असतं तरी पुढेच गेलं असतं? दोन्हीचा काहीतरी वाटा असणार, पण किती कोणाचा हे नुसत्या प्लेसमेंटच्या आकड्यावरून सांगताच येत नाही, कारण कॉलेजने पोरं आधीच चाळून घेतलेली असतात. श्रीमंत आणि नामांकित कॉलेजांचं निम्मं कौतुक या चाळणीचं असतं. कोचिंग क्लासच्या होर्डिंगवर टॉपरचे फोटो पाहताना हेच डोक्यात ठेवायचं, पण ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी ही चाळणी बाजूला काढून पाहायचा प्रयत्न केला, २००२ मध्ये त्यांचा पेपर आला. त्यांनी काय केलं तर ज्या पोरांना सारख्याच कॉलेजांकडून होकार आणि नकार आले होते ती पोरं एकमेकांसमोर ठेवली, म्हणजे हुशारी साधारण सारखी, फक्त एकाने जास्त नामांकित कॉलेज घेतलं आणि दुसऱ्याने कमी. पुढे पगार पाहिले तर बहुतेकांच्या बाबतीत मोठा फरक सापडला नाही. अपवाद होता तो गरीब घरच्या पोरांचा, त्यांना वरच्या कॉलेजचा खरोखर फायदा झाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याच्या घरी आधीच ओळखी आहेत, इंग्रजी आहे, पैसा आहे, त्याला कॉलेजने अजून काय द्यायचं, आणि ज्याच्या घरी यातलं काहीच नाही त्याला कॉलेज हेच सगळं असतं. नंतर २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डसारख्या डझनभर कॉलेजांवर काम केलं, त्यात निघालं की तिथे गेल्याने सरासरी पगार फारसा वाढत नाही, पण कमाईत वरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. म्हणजे तिथे शिकवण्यापेक्षा शेजारी कोण बसतं आणि सर्टिफिकेटवर कोणाचं नाव आहे याची किंमत जास्त असावी असा माझा अंदाज.

आपल्याकडचंच उदाहरण आहे की. आयआयएम नागपूर २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा कॅम्पस नव्हता, व्हीएनआयटीच्या आवारात सुरुवात झाली, आयआयएम अहमदाबादने बोट धरून चालायला शिकवलं. मिहानमधला मोठा कॅम्पस २०२२ मध्ये उघडला. सुरुवातीच्या बॅचेस उसन्या जागेत शिकल्या म्हणून कोणी त्यांना कच्चे आयआयएमवाले म्हणत नाही. पोरं कॅट देऊन आली, शिकवणारे आले, बिल्डिंग मागून आली.

म्हणून पैसा बिनकामाचा आहे असं मी म्हणतोय असं समजू नका. पैशाने शिक्षण सुधारतं का यावर भांडण जुनं आहे. १९६६ मध्ये जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा अमेरिकन सरकारसाठीचा मोठा रिपोर्ट आला, त्यात निघालं की शाळेच्या सोयींपेक्षा पोराच्या घरची परिस्थिती जास्त ठरवते, आणि मग पुढे कित्येक वर्षं लोक ते वाक्य काठीसारखं वापरत राहिले, बघा पैसे देऊन काही होत नाही. पण किराबो जॅक्सन आणि मंडळींनी २०१६ मध्ये जास्त चांगल्या पद्धतीने हिशोब केला. कोर्टाच्या आदेशांमुळे ज्या शाळांना जास्त निधी मिळाला तिथली पोरं मोठी झाल्यावर पाहिली, तर बारा वर्षं दर पोरामागे १० टक्के जास्त खर्च झाला असेल तर मोठेपणीची कमाई सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली, आणि गरीब घरच्या पोरांची त्याहून जास्त. हा जास्तीचा पैसा गेला कुठे तर शिक्षकांचे पगार, वर्गातली पोरांची संख्या कमी करणं, वर्ष थोडं लांबवणं यात. शाळांचं आहे हे, पण कॉलेजांचंही बरचसं तसंच आहे, डेमिंग आणि वॉल्टर्स यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजांबद्दल दाखवलं की फी थोडी कमी करण्यापेक्षा कॉलेजचा खर्च वाढवला तर पोरं जास्त येतात आणि जास्त पास होऊन बाहेर पडतात.

मग कॉलेजं पैसा बिल्डिंगवर काऊन घालतात? याचं एक उत्तर आपणच आहोत. जेकब, मॅकॉल आणि स्टेंज या तिघांनी अमेरिकेत अभ्यास केला की पोरं कॉलेज निवडताना कशासाठी पैसे मोजायला तयार असतात, तर शिकवण्याच्या दर्जासाठी जास्त पैसे मोजायची तयारी प्रामुख्याने अभ्यासात वरच्या असलेल्या पोरांची दिसली, आणि हॉस्टेल, जेवण, खेळ, जिम या सोयींसाठी मात्र जवळपास सगळ्यांची, खासकरून पैसेवाल्या घरच्यांची. म्हणजे ज्या कॉलेजला टॉपर मिळणारच नाहीत त्याच्यासाठी जिम बांधणं हा शहाणपणाचाच धंदा झाला. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने तर सुमारे ८.५ कोटी डॉलरच्या प्रोजेक्टमध्ये पोरांना ट्यूबवर पडून तरंगायला विद्यापीठाच्या नावाच्या अक्षरांच्या आकाराची नदी बांधली, आणि तो पैसा पोरांच्याच फीमधून काढला. आपल्याकडे अजून नदी आली नाही, पण ब्रोशरवर स्विमिंग पूलचा फोटो पाहिलाय मी, पूल मात्र कोरडा होता.

आपल्या भागात याला अजून काही कारणं आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजांची जी लाट आली त्यात नागपूरही होतं. परवानगी हवी तर जागा दाखवा, बांधकाम दाखवा, इतके चौरस मीटर वर्ग, इतकी लॅब. जागा आणि बांधकाम इन्स्पेक्शन कमिटीला टेपने मोजता येतं. मास्तर मनापासून शिकवतो का हे कोणत्या टेपने मोजणार? शिवाय बिल्डिंग संस्थेची मालमत्ता असते, तिच्यावर कर्ज मिळतं, तिला देणगीदाराचं नाव देता येतं, आणि एकदा बांधली की झालं. मास्तरचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि दर वर्षी वाढतो. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये आहे, महागाई भत्ता वेगळा. नुसता मूळ पगार धरला तरी एका माणसाचे वर्षाचे सात लाखांच्या जवळपास होतात, दहा माणसांचे सत्तर लाख, आणि हे दर वर्षी. कितीतरी ठिकाणी याच्या अर्ध्यावर माणूस ठेवतात, तोही अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि सरकारी-अनुदानित बाजूला तासिका तत्त्वावरचे सीएचबीवाले, ज्यांचा पगार तासावर आणि सुट्टीत शून्य. नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला माणूस तीन कॉलेजांत पळत पळत तास घेतो, त्याला तुमच्या पोराचं नाव कसं माहीत असणार.

मी एका कॉलेजात, नाव घेत नाही, कमिटी येणार म्हणून लॅबमधल्या मशीनवरचं प्लास्टिक काढताना पाहिलंय. मशीन दोन वर्षांपूर्वी आलेली. कमिटी गेल्यावर प्लास्टिक परत चढलं, धूळ बसू नये म्हणून. लग्नाच्या लॉनसारखं आहे हे, गेटवर हत्ती, कारंजं, ड्रोन, आणि पंगतीत वरण पातळ. फरक इतकाच की लॉनवर पैसे मुलीच्या बापाने दिलेले असतात आणि इथे तुम्ही, कारण प्रायव्हेट प्रोफेशनल कॉलेजांची फी फी नियामक प्राधिकरण ठरवतं ते कॉलेजने दाखवलेल्या खर्चाचा हिशोब पाहूनच. नफेखोरी करायची नाही, कॅपिटेशन म्हणजे ॲडमिशनसाठी डोनेशन घ्यायचं नाही, पण वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, असं सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टीएमए पै आणि २००५ च्या इनामदार खटल्यात सांगितलंय. त्यामुळे नफा काढता येत नाही तर तो पैसा विटांमध्ये घालायचा हा मोह होतो, कागदावर सगळं नियमातच बसतं. हॉवर्ड बोवेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९८० मध्येच लिहून ठेवलंय की कॉलेज जितका पैसा मिळेल तितका उभा करतं आणि जितका उभा झाला तितका सगळा खर्च करतं. खर्च जास्त म्हणून दर्जा जास्त असा उलटा अर्थ आपण लावतो.

आता खऱ्या श्रीमंत कॉलेजांकडे बघू. हार्वर्डची ठेव २०२४ मध्ये ५,३०० कोटी डॉलरच्या आसपास होती. ठेव म्हणजे लोकांनी दिलेल्या देणग्यांची गुंतवणूक, मुद्दल शाबूत ठेवायचं आणि दर वर्षी त्यातला साधारण पाच टक्क्यांचा तुकडा खर्चायचा, आणि त्यातही बराच पैसा अमुक विभागाला, तमुक शिष्यवृत्तीला असा बांधलेला असतो. त्यातून त्यांच्या वर्षाच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग निघतो. तिथला मोठा पैसा प्राध्यापकांच्या खुर्च्यांवर, संशोधनावर आणि गरीब पोरांची फी माफ करण्यावर जातो, आणि तरी तिथेही श्रीमंत घरचीच पोरं जास्त, हा भाग कोणी ब्रोशरमध्ये टाकत नाही.

मला जास्त आवडतं ते केंटकीमधलं बेरिया कॉलेज. १८५५ चं. १८९२ पासून ट्यूशन फी घेतच नाही. प्रत्येक पोराने कॉलेजात काम करायचं, म्हणजे आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चाच मामला. ऐकायला गरीब कॉलेज वाटतं ना? तर त्यांच्याकडे शंभर कोटी डॉलरच्या वर ठेव आहे. पैसा भरपूर, पण कशासाठी ठेवलाय हे आधी ठरवून ठेवलंय, कमी उत्पन्नाच्या घरची पोरं फुकट शिकावीत म्हणून.

असं काही नागपुरात झालंच नाही असंही नाही. अमरावती रोडवरची एलआयटी कशी उभी राहिली माहीत आहे का? कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणीवाले, १९३० मध्ये वारले, त्यांनी मृत्युपत्रात पस्तीस लाखांच्या आसपास रक्कम नागपूर विद्यापीठाला ठेवली, तेव्हाचे पस्तीस लाख बरं का, आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. पैसा कशावर लागावा हेही ठरलेलं होतं, उद्योगाला लागणाऱ्या विज्ञानावर, विशेषतः केमिस्ट्रीवर. तेल, पेंट, कागद, अन्नप्रक्रिया, अशा गोष्टी शिकवणारी जागा. हे शिक्षण खडू-फळ्यावर होत नाही, त्याला बॉयलर, डिस्टिलेशन कॉलम, केमिकल लागतातच, म्हणून इथे पैसा नसता तर शिक्षणच नसतं.

इथेच तो कंदीलवाला युक्तिवाद पडतो. लोक सर सी. व्ही. रामन यांचं नाव घेतात, साध्या उपकरणांवर नोबेल मिळवलं म्हणून. हे रामन साहेब १९१० च्या सुमारास आपल्या नागपुरात सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत होते, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. पण शोध लागला १९२८ मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, आणि ती संस्था महेंद्रलाल सरकार नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये देणग्या गोळा करून उभी केली होती. साधी का होईना, कोणीतरी पैसे देऊन लॅब आणि भिंगं ठेवली होती म्हणून सुरुवातीला सरकारी नोकरीत असलेल्या रामन यांना ऑफिस सुटल्यावर जायला जागा मिळाली.

मेडिकलचं तर गणितच वेगळं. आपलं जीएमसी, ज्याला सगळं नागपूर नुसतं 'मेडिकल' म्हणतं, १९४७ चं. पावसाळ्यात भिंतींना ओल, हॉस्टेलबद्दल बोलूच नका. पण तिथे अख्खा विदर्भ येतो, मध्य प्रदेश येतो, छत्तीसगड येतो, तेलंगणातले पेशंट येतात. तिथल्या इंटर्नने सर्पदंश, सिकलसेल, ॲक्सिडेंट, अडलेलं बाळंतपण हे सगळं स्वतःच्या हाताने हाताळलेलं असतं. डॉक्टर घडायचा तर पेशंट हीच सगळ्यात मोठी लॅब, आणि ती कोणत्याही आर्किटेक्टला बांधता येत नाही. संगमरवरी लॉबी आणि रिकाम्या खाटा असलेल्या कॉलेजात पोरगं एमबीबीएस होतं, पण सुई टोचायला पुढे घाबरतं. एनएमसीने, म्हणजे मेडिकल कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने, शिक्षकांची आधारवाली हजेरी आणली ती उगाच नाही, कागदावर असलेले प्राध्यापक प्रत्यक्षात सापडत नव्हते. तरी मेडिकलवाल्यांना ओल चालेल असं कोणी म्हणू नये. हॉस्टेलचं संडास चालू असणं हा लॅविशपणा नाही, तो साधा हक्क आहे, आणि मुलींसाठी तर त्यावर शिकणं-सोडणं ठरतं.

स्वस्तात काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं देतो. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले, तर नुसतं लेक्चर देणाऱ्या वर्गात सरासरी ३४ टक्के पोरं नापास आणि जिथे पोरांना वर्गातच प्रश्न सोडवायला, एकमेकांशी बोलायला लावलं तिथे २२ टक्के. याला एसी लागत नाही, तयारी करून आलेला मास्तर लागतो, आणि तयारीला वेळ मिळावा म्हणून त्याला पूर्ण पगार लागतो, हे परत तिथेच येतं. दुसरं, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये दोन वर्षांच्या कॉलेजांमधल्या गरीब पोरांसाठी एएसएपी नावाची योजना सुरू केली. त्यात मेट्रोचं कार्ड, पुस्तकांचा खर्च, फीमधली उरलेली तूट, आणि दर पोरामागे लक्ष ठेवणारा एक सल्लागार. तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. मेट्रोचं कार्ड हो! उमरेडहून, सावनेरहून, काटोलहून रोज एसटीने येणारी किती पोरं आपल्याकडे पहिल्याच वर्षी सुटतात आणि त्यांच्या कॉलेजच्या गेटवर मात्र नवीन एलईडी बोर्ड असतो.

गंमत म्हणजे सरकारी मोजमापातही हे थोडंफार मान्य आहे. नॅक म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था, तिच्या २०१७ मध्ये आलेल्या पद्धतीत संलग्न कॉलेजांना १००० पैकी ३५० गुण शिकवणं-शिकणं-मूल्यमापनाला आणि फक्त १०० सोयीसुविधांना होते. आणि एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये दर पोरामागे कॉलेज किती खर्च करतं हे मोजतात त्यात नवीन बिल्डिंगचा खर्च धरतच नाहीत! लायब्ररी, लॅबची उपकरणं, पगार, हे धरतात.

त्यामुळे यंदा कोणाचं पोरगं फॉर्म भरत असेल तर कॉलेजची वेबसाइट उघडा आणि एनआयआरएफची पीडीएफ शोधा, भाग घेणाऱ्या कॉलेजांनी ती टाकायची असते. नाही सापडली तर एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, मँडेटरी डिस्क्लोजर पाहा, कॉलेजने स्वतःची माहिती जाहीर करायचा तो कागद. एनआयआरएफच्या पीडीएफमध्ये लायब्ररीवर किती, उपकरणांवर किती, पगारांवर किती असे तीन वर्षांचे आकडे असतात, पोरांच्या संख्येने भागा, मोबाइलवर होतं. प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा आकडा सोडून मीडियन पगार पाहा, म्हणजे निम्म्या पोरांना ज्याच्या वर आणि निम्म्यांना ज्याच्या खाली मिळाला तो मधला आकडा. आणि खाली शिक्षकांची लांबलचक यादी असते, नाव, डिग्री, अनुभव, जॉइन झाल्याची तारीख, रेग्युलर की कॉन्ट्रॅक्ट. त्या तारखांवर बोट ठेवून खाली उतरत जा. निम्मी मंडळी गेल्या वर्षीच आलेली दिसली तर बाकीची कुठे गेली हे विचारायला एक चक्कर मारा, रविवारी नको, वर्किंग डेला, दुपारी तीनच्या प्रॅक्टिकलच्या वेळेला, आणि थर्ड इयरच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा, ॲडमिशन काउंटरला नाही.